धारूर ते भोसरी : माणसं एका दिवसात आली, कागदांना दीड वर्ष लागलं

दिवाळीपासून गावाकडच्या ओळखीच्या बायकांचे फोन येतायत. ‘आम्ही पण पुण्याकडं यायचं म्हणतोय, आधी कोणता कागद करायचा?’ प्रत्येकीला तासभर सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढतेय. आम्ही मे २०२४ मध्ये धारूर तालुक्यातून (जिल्हा बीड) पुण्याशेजारच्या भोसरीला आलो. माणसं, भांडी, पिंप, शिलाई मशीन एका दिवसात आलं. कागद यायला दीड वर्ष लागलं आणि एक-दोन अजून वाटेत आहेत.

आधी ‘का आलो’ ते सांगते, कारण कुठल्याही कचेरीत गेलं की पहिला प्रश्न तोच असतो. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. अडीच एकर रान, तेही माळाचं, त्यात कापूस आणि तूर. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घ्यायची, दिवाळीच्या पुढंमागं ट्रॅक्टरमध्ये बसायचं आणि चैत्रापर्यंत साखर कारखान्याच्या उसाच्या फडात. तिकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी अर्धा कोयता झाले. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं, आणि ती सहसा फिटत नाही.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धारूर होतं. म्हणून आता सगळे म्हणतात, ‘दुष्काळामुळं गेले.’ मला ते पटत नाही. २०१२ ला दुष्काळ होता, २०१५ ला होता, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा आम्ही गाव सोडलं नाही. या वेळी काय झालं, तर तीन-चार गोष्टी एकदम जुळल्या. मोठी चौथीत होती, आणि दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च तिची शाळा बुडायची. हंगामी वसतिगृहात (जेवण शाळेत, झोपायला घरी) गावातच ठेवून पाहिली होती, पण सासूबाईंचे गुडघे गेल्यावर तिच्याकडं रात्री बघणार कोण? त्यात आदल्या हंगामात उचल पूर्ण फिटली होती, म्हणजे मुकादम आडवा येणार नव्हता. आणि चुलत दीर भोसरीच्या एमआयडीसीत सहा वर्षं होते, त्यांच्या वर्कशॉपमध्ये हेल्परची जागा निघाली. यातलं एक जरी नसतं तरी आम्ही अजून फडात असतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा यांचं मन पुन्हा डळमळलं होतं हेही खरं.

फॉर्मवर मात्र कारणाला एकच चौकट असते. जनगणनेतही तसंच. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण ४५ कोटी लोक स्थलांतरित निघाले आणि त्यात सगळ्यात मोठं कारण काय, तर लग्न. सासरी गेलेल्या बायका! म्हणजे त्या हिशेबानं मी माहेरचं गाव सोडलं तेव्हाच स्थलांतरित झाले होते, फक्त त्याला कोणी स्थलांतर म्हणालं नाही. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेत माणसांची मोजणी होईल तेव्हा मोजणाऱ्या बाई काय टिक करतात ते बघायचंय. ‘कुटुंबासोबत’ असं लिहायला लागल्या तर मी थांबवणार आहे. लेकीच्या शाळेचा हट्ट माझाच होता.

हे फेब्रुवारीत पुढं आले आणि कॉट बेसिसवर (नुसत्या खाटेपुरत्या भाड्यानं) राहिले. माझा सल्लाही तोच आहे : आधी एकानं जावं, दोन पगार हातात पडू द्यावेत, मग संसार हलवावा. १ मेला निकाल लागला, त्याच दिवशी मी गुरुजींना मुलांचे दाखले मागितले. ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, तुमची दोन गेली की पट एकोणीसवर येतो.’ वीसच्या आतल्या शाळांचं काय होणार याची चर्चा तेव्हा जिकडंतिकडं होती. वाईट वाटलं, पण दाखले घेतले. शाळा सोडण्याच्या कारणापुढं त्यांनी ‘पालकांचे स्थलांतर’ लिहिलं.

दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, अक्षरी जन्मतारीख, जन्मठिकाण, जात आणि पोटजात. यातलं एक अक्षर चुकलेलं असेल तर ते दुरुस्त करून घ्यायची जागा तीच शाळा आहे. पुढं पुण्याहून रजा टाकून जावं लागतं. आमच्या धाकट्याचा जन्म हंगामात शिरोळ तालुक्यात झालेला. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, त्यामुळं त्याचा जन्मदाखला कोल्हापूर जिल्ह्यातला, शाळेचा दाखला बीडचा आणि राहायला पुणे. ऊसतोडीच्या बऱ्याच पोरांचं असंच आहे. तेव्हा दवाखान्यातून निघताना जन्मनोंदीची पावती घ्यायला विसरू नका. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते, वर्ष उलटलं की प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडं जातं.

१३ मेला बीडचं मतदान झालं आणि १९ मेला छोट्या टेम्पोत सामान भरून निघालो. टेम्पोचे ८,५०० रुपये. सासूबाई आल्या नाहीत, त्याचं कारण पुढं येईल.

भोसरीत आळंदी रोडच्या आत एका चाळीत खोली मिळाली. भाडं ६,५००, डिपॉझिट २५,०००, लाइटबिल वेगळं. पाणी दिवसाआड. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर आठवड्यानं यायचा, त्यामुळं शेजारणी पाण्यावरून कुरकुरायच्या तेव्हा मला मनातून हसू यायचं.

आता मुख्य कागद, भाडेकरार. बाकी सगळं त्याच्यावर उभं असतं, म्हणून घरमालकानं डिपॉझिट घेण्याआधीच विचारा : ‘नोंदणी केलेला करार देणार का?’ आमचे मालक नोटरीचा करार द्यायला तयार होते, नोंदणीला नाही. भाडेकरू हक्क सांगेल ही भीती, आणि भाड्याचं उत्पन्न कागदावर यायला नको. खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाचीच आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, म्हणजे नोंदणी मालकाच्याही फायद्याचीच. हे दिरांनी त्यांना चहा पाजून तीन महिने समजावलं. मी बोलले असते तर खोली गेली असती. शेवटी ‘खर्च तुमचा’ या अटीवर ऑगस्टमध्ये तयार झाले. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन खोलीवरच आला. मुद्रांक शुल्क आमच्या भाड्यावर दोन-अडीचशेच्या आत, नोंदणी फी शहरी भागात १,०००, बाकी त्याची मजुरी; मिळून २,८०० गेले. ११ महिन्यांचा करार. संपायच्या आधी नवा करायचा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

पण शाळा ऑगस्टपर्यंत थांबणार नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी दाखले घेऊन जवळच्या एका शाळेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, आधारवर इथला पत्ता करून आणा, मग बघू. मी आधारच्या मागं धावणार होते, पण शेजारणीनं दुसऱ्या शाळेत नेलं. तिथल्या मुख्याध्यापिकांनी दाखले बघितले, मुलांना जवळ बोलावून एक-एक धडा वाचायला लावला आणि नाव घातलं. त्यांच्याकडूनच कळलं ते सांगते. शिक्षण हक्क कायद्यात (२००९ चा) स्पष्ट आहे की दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. पत्त्याच्या आधारचा तर प्रश्नच नाही. तेव्हा एक शाळा नाही म्हणाली तर तिथं भांडत बसण्यापेक्षा सरळ पुढच्या शाळेत जा. अगदीच अडलं तर शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन नोंद नवी शाळा मागवते, जुनी शाळा मान्य करते. आमच्या गुरुजींनी दोन दिवसांत केलं. १५ जूनला शनिवार होता, दोघंही पहिल्या दिवशी वर्गात बसले. नोव्हेंबर उजाडला आणि मोठी शाळेतच होती. तिला विशेष काही वाटलं नाही, मलाच त्या महिन्यात रोज दुपारी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यावंसं वाटायचं.

जे हंगामापुरते जातात आणि परत येतात त्यांच्यासाठी एक : निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत त्यावर मुलाला बसता येतं आणि परत आल्यावर मूळ शाळेत खंड पडत नाही. गुरुजी देतात, पण मागावं लागतं.

रेशनचं मला सगळ्यात जास्त भेव होतं. गावात सगळ्यांचा समज असा की पुण्यात एकदा अंगठा लावला की तिकडचं कार्ड बंद. तसं काही होत नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ मध्ये कुठल्याही दुकानात आपल्या कार्डावर धान्य उचलता येतं, कार्ड हलवायची गरज नाही. आमचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, माणशी ५ किलो, माणसं पाच. आम्ही चौघांचं २० किलो इथं उचलतो आणि सासूबाई त्यांचं ५ किलो गावात. मात्र अंगठा लावण्याआधी दुकानदाराला किती उचलायचं ते सांगा, नाहीतर तो २५ च्या २५ टाकून मोकळा होतो आणि तिकडं म्हातारीला ‘धान्य उचललंय’ असं ऐकावं लागतं.

पहिल्या दुकानात ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणून परत पाठवलं. मी तिथंच उभी राहून १४४४५ या रेशनच्या हेल्पलाइनला फोन लावला. लागायला वेळ लागला, तोवर दुकानदारानंच ‘थांबा, बघतो’ म्हणत यंत्र पुढं केलं. राज्याचा १९६७ नंबर पण आहे. दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा. ई-केवायसीही (आधारवरून ओळख पडताळणी) सगळ्यांचं इथल्याच दुकानात झालं, त्यासाठी गावी जायचं काम नाही.

अंगठ्याचं मात्र खरंच अवघड आहे. पंचवीस-तीस हंगाम कोयता धरलेल्या हाताचे ठसे राहत नाहीत. सासूबाईंचा उजवा अंगठा बघितला तर गुळगुळीत, मधून एक आडवी चीर, कडेला घट्टा. यंत्राला त्यात काही दिसत नाही. आधी एकेक बोट लावत बसायच्या, मग डाव्या हाताच्या करंगळीवर एकदाचं उमटायचं. आता नव्या यंत्रांना डोळ्याचा स्कॅनर आहे, त्यावर त्यांचं चटकन होतं. दुकानदार आपणहून काढत नाही, ‘डोळ्यावर घ्या’ असं म्हणावं लागतं. बोट लावायला जायच्या आधी घरीच हात कोमट पाण्यात धुऊन थोडं खोबरेल चोळून पुसलं तरी फरक पडतो.

करार हातात आल्यावर सप्टेंबरमध्ये आधार घेतलं. आधी यांचं एकट्याचं, ऑनलाइन, ५० रुपयांत (आता ७५ झालेत). मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तरच घरबसल्या होतं, नसेल तर आधी केंद्रावर जाऊन नंबर जोडा. सायबरवाल्यानं कराराचं पहिलंच पान चढवलं आणि अर्ज फेटाळला गेला. सगळी पानं एका पीडीएफमध्ये, दोन एमबीच्या आत, हे त्याच्या शेजारी बसून करून घ्या. दुसऱ्या वेळी बारा-पंधरा दिवसांत झालं. मग मी आणि मुलं ‘कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं’ या वाटेनं. यात पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. नातं दाखवणारा कागद, आमच्या बाबतीत रेशनकार्ड, आणि प्रमुखानं त्याच्या आधारच्या खात्यात जाऊन ३० दिवसांत हो म्हणायचं. हे शिफ्टवरून येऊन झोपायचे, मी त्यांना उठवून ओटीपी घेतला.

नोंदणीचा करार मिळतच नसेल तर आधारच्या ठरावीक नमुन्यात राजपत्रित अधिकारी, आमदार किंवा नगरसेवकाच्या सहीचं प्रमाणपत्र चालतं, तीन महिने. गंमत अशी की तेव्हा भोसरीत नगरसेवक नव्हताच. महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होते. त्यामुळं आमच्या चाळीतल्या बऱ्याच जणांनी आमदारांच्या कार्यालयातून घेतलं.

गॅसचं थोडक्यात. गावचं कनेक्शन सासूबाईंकडं ठेवलं. इथं ५ किलोचा छोटा सिलिंडर घेतला, तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही. महाग पडतो. आधार झाल्यावर मोठा घेतला.

मतदानाचं नाव यांनी मुद्दाम उशिरा हलवलं. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा गावातच केली. न्यायला गाडी आली होती, एवढंच लिहिते. २०२५ च्या उन्हाळ्यात फॉर्म ८ भरला. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात जायला फॉर्म ६ असायचा, आता पत्ता बदलायला ८ च आहे, तिकडचं नाव आपोआप निघतं. बीएलओ बाई (मतदारयादीचं काम बघणाऱ्या) घरी येऊन बघून गेल्या. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेला इथं पहिलं मत दिलं. गावच्या ग्रामपंचायतीत आता आमचं मत नाही, हे मात्र यांना लागलंय. रस्त्याच्या वादात आमचा बांध आहे आणि बोलायला आमचं कोणी नाही.

आता सासूबाई. त्यांना श्रावणबाळ योजनेचे (म्हाताऱ्या माणसांची पेन्शन) १,५०० रुपये मिळतात. ते तहसीलमधून मंजूर झालेले, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. इथं आल्या तर तो कोण देणार, आणि घराला कुलूप लागलं की ओसरीवर कोण काय टाकेल याचा नेम नाही. शेत बटईनं दिलंय, त्याच्यावरही त्यांची नजर असते. म्हणून आम्ही निम्मं घर आणलं आणि निम्मं तिथं ठेवलं. चाळीत बहुतेकांचं असंच आहे. गाव पूर्ण सोडलेलं घर मला अजून भेटलं नाही.

शेवटचा आणि सगळ्यात अवघड कागद, मोठीचा जातीचा दाखला. हा राहता त्या पत्त्यावर मिळत नाही. तुमचे पूर्वज एका ठरावीक तारखेला जिथं राहत होते तिथल्याच कचेरीतून मिळतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, आमच्यासारख्या भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आमच्या सासऱ्यांनी दुसरीतून शाळा सोडली, पण १९५७ ला पहिलीत बसले होते. गुरुजींनी ट्रंकेतून जुनं रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, आणि त्यात अकराव्या ओळीत सासऱ्यांचं नाव, वडिलांचं नाव, जात, गाव. त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. ज्यांच्या घरात त्या काळी कोणी शाळेतच गेलं नाही त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं महसुली रेकॉर्ड शोधावं. मराठवाड्यात यातलं काही उर्दूत असतं, वाचणारा माणूस गाठावा लागतो. गाव सोडण्याआधी, हाताशी वेळ असताना हे एक काम करून ठेवलं तर पुढचे हेलपाटे वाचतील.

या फेऱ्या मी मारल्या, यांनी नाही. यांचा एक खाडा म्हणजे पगार आणि हजेरी बोनस दोन्ही जातं, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. रात्रीची गाडी धरायची, सकाळी काम, रात्री परत. सोबत दोन झेरॉक्स जास्तीच्या, फोटो आणि काळ्या शाईचं पेन. दुपारी दोन ते तीन कोणी जागेवर नसतं हे धरूनच निघा.

करार, आधार, झेरॉक्स, सायबर, एसटी असा सगळा मिळून कागदांवर सात-साडेसात हजारांचा खर्च आला. टेम्पो आणि डिपॉझिट वेगळं.

जातीच्या दाखल्याचा अर्ज डिसेंबर २०२५ मध्ये दिलाय, त्याची वाट बघतेय. सासूबाई मेमध्ये दोन महिने इकडं येणार आहेत. तेव्हा त्यांचं ५ किलो इथं उचलायचं की नाही यावर घरात एकमत नाही. त्यांची पक्की खात्री आहे की गावच्या दुकानात एक महिना तोंड दाखवलं नाही की नाव कापतात. ‘आत्या, ई-केवायसी झालंय, काही होत नाही’ हे मी फोनवर सांगतेय. त्या म्हणतात, तू कागद बघ, मी माणसं बघितलीत.